मी मारलेली बाई परत कशी आली? आरपीजी गेममधली कथेची भगदाडं (स्पॉयलर भरपूर आहेत)

निळीशाई

गेले तीन आठवडे ड्रॅगन एज ही आरपीजी (म्हणजे आपण एक पात्र होऊन निर्णय घेत जातो अशी) गेममालिका परत पहिल्यापासून खेळतेय, ओरिजिन्स, मग दुसरा भाग, मग इन्क्विझिशन, आणि बरोबर त्याच जागी येऊन अडकले जिथे पूर्वी अडकले होते, म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओरिजिन्स हा २००९ चा गेम. त्यात लेलियाना नावाची बाई आपल्यासोबत येते, गाणी म्हणते, गोष्टी सांगते, मनापासून देव मानते. पुढे आपण एका देवळात पोचतो तिथे तिच्या धर्मातल्या सगळ्यात मोठ्या संत स्त्रीची राख जपून ठेवलेली असते. त्या राखेत ड्रॅगनचं रक्त ओतून ती विटाळायची का, असा पर्याय गेम देतो. मी तेव्हा ओतलं. काय होतंय बघू म्हणून नाही ओतलं, माझं पात्र तसंच होतं, कडवट, देवाधर्मावर राग असलेलं, ते मी तीस तास तसंच खेळत आले होते. आणि लेलियाना तिथल्या तिथे माझ्यावर चालून आली आणि मला तिला मारावं लागलं. त्या रात्री मी पुढे खेळलेच नाही. एका गेमने मला असं कधी केलं नव्हतं.

मग २०१४ ला इन्क्विझिशन आला. आणि लेलियाना उभी! चांगली धडधाकट, आपल्या संघटनेची हेरप्रमुख. वर गंमत अशी की गेमच्या सुरुवातीला जो मोठा स्फोट होतो तो त्याच देवळात होतो जिथे मी तिला मारलं होतं. म्हणजे लेखकांना जागा लक्षात आहे, राख लक्षात आहे, माझी सेव्ह फाइलपण त्यांनी मागून घेतलीये, आणि तरीही ती बाई जिवंत. नंतर काहीतरी गूढ बोलून ते झाकलंय पण मला ते पटलं नाही, अजूनही नाही.

मला विचारायचंय ते हे की बाकीच्यांना कुठली भगदाडं सगळ्यात जास्त खुपतात? माझं मत असं झालंय की यात दोन जाती आहेत. एक जगाच्या तर्काचं भगदाड. जसं फॉलआउट ४ मधला तो फ्रिजमध्ये अडकलेला घूल (किरणोत्सर्गाने विद्रूप झालेला माणूस) मुलगा, दोनशे वर्षं पाण्याशिवाय अन्नाशिवाय आत बसलेला, आणि १९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये मात्र नेक्रोपोलिसमधल्या घूल लोकांचा पाण्याचा चिप आपण उचलून नेला आणि पंप दुरुस्त नाही केला तर ते मरतात. चूक आहे, पण मी हसून पुढे जाते. दुसरी जात म्हणजे गेमला मी काय केलं ते आठवतच नाही. ते मला सहन होत नाही. चित्रपटात कथा फसली तर ती त्यांची फसते, इथे मी घेतलेला निर्णय खोटा ठरतो.

सह्यकडा

+१०० लेलियानासाठी. अँडर्स या साथीदाराचंही तेच, ओरिजिन्सच्या अवेकनिंग या जोडभागात त्याचं काहीही झालं असो, दुसऱ्या भागात तो हजर.

पहिल्या जातीतलं माझं आवडतं उदाहरण देतो. मास इफेक्ट १ (२००७) मध्ये बंदुकांना गोळ्या लागत नाहीत, फक्त तापतात आणि गार व्हायला थांबावं लागतं. मास इफेक्ट २ (२०१०) मध्ये थर्मल क्लिप आणल्या, आणि कारण असं दिलं की मधल्या दोन वर्षांत सगळ्या आकाशगंगेने नवं तंत्रज्ञान उचललं. ठीके, मान्य. मग जेकब या साथीदाराच्या लॉयल्टी मिशनमध्ये आपण अशा ग्रहावर जातो जिथे एक जहाज दहा वर्षांपूर्वी कोसळलंय, कोणाशी संपर्क नाही, माणसं वेडी झालीयेत, आणि त्यांना मारलं की थर्मल क्लिप पडतात 🙂 आठ वर्षं आधी त्यांना कुठून मिळाल्या? पण खरं सांगतो, मला ते मिशन संपेपर्यंत लक्षातच आलं नाही, कारण जेकबचा बाप समोर उभा होता आणि त्याने जे केलंय ते कळल्यावर दुसरं काही सुचतच नव्हतं.

पिंपळपान

मला फॉलआउट ३ बद्दल लिहायचंय, कारण मी त्याच्या शेवटाच्या बाजूने आहे असं म्हणणारी बहुतेक एकटीच असेन.

शेवट असा आहे: पाणी शुद्ध करणारं यंत्र सुरू करायचंय, खोलीत जीवघेणा किरणोत्सर्ग, जो आत जाईल तो मरणार. एकतर आपण जायचं नाहीतर आपल्या बाजूने लढणाऱ्या सेरा लायन्सला पाठवायचं. आणि आपल्या बाजूला फॉक्स उभा असू शकतो, तो सुपर म्यूटंट, त्याला किरणोत्सर्गाने काहीच होत नाही. त्याला विचारलं की तू जा, तर तो म्हणतो हे तुझं नशीब आहे, मी मध्ये येणार नाही. लोक यावर अजून चिडतात. २००९ मध्ये ब्रोकन स्टील हा जोडभाग आल्यावर त्याला पाठवायची सोय झाली.

पण मूळ लेखकांना काय करायचं होतं ते बघा ना. त्याच खोलीत आपला बाप मेलेला असतो, आपल्या डोळ्यांदेखत, काचेच्या पलीकडे. शेवटी आपण काचेच्या आतल्या बाजूला असतो. हे मला फार भिडलं होतं. फॉक्सला पाठवलं तर मशीन सुरू होतं, पण गोष्ट संपत नाही.

रात्रपाळी

पिंपळपान, तुमचा मुद्दा कळतो, बापाचं ते मलाही आवडतं, पण इथे मी अजिबात सहमत नाही आणि कारण सांगतो. फॉक्स आपल्याला भेटतो कसा? व्हॉल्ट ८७ मध्ये. तिथे आपल्याला जी वस्तू हवी असते ती किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत असते आणि ती आणायला फॉक्सच आत जातो. तोच गेम, थोड्या तासांपूर्वी, आपल्याला स्वतः शिकवतो की अशी खोली आली की फॉक्सला पाठवायचं. नंतर तेच केलं की नशीब. असं असताना खेळणाऱ्याने विचारूच नये अशी अपेक्षा कशी करायची? आणि शेरॉन हा दुसरा साथीदार सोबत असेल तर तो तर घूल, त्याला त्यात उलट बरं वाटतं, तोही नाही म्हणतो. ब्रोकन स्टीलने दुरुस्ती केली तीही मनापासून नाही केली, फॉक्सला पाठवलं तर शेवटचा निवेदक आपल्यालाच बोल लावतो.

हा प्रसंग वाचवायला एक ओळ पुरली असती. फॉक्सला त्या आधीच्या लढाईत दुसरीकडे गुंतवायचं. किंवा त्याला दाराशीच थांबवायचं. बाप-लेकीचं जे तुम्हाला भिडलं ते तसंच राहिलं असतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे (गेमच्या नाही, हिशोबाच्या), त्यामुळे हे सगळं होतं कसं ते थोडं लिहितो. प्रत्येक निर्णय म्हणजे आत एक खूण ठेवलेली असते, केलं की नाही केलं. असे दहा हो-नाही निर्णय झाले की १०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात. वीस झाले की दहा लाखांच्या वर. प्रत्येकीसाठी वेगळं लिहिणं, वेगळे आवाज रेकॉर्ड करणं, चेहऱ्यांचं ॲनिमेशन करणं शक्यच नाही, म्हणून सगळे लेखक एकच युक्ती करतात, फाटे फोडायचे आणि थोड्या वेळाने परत एका रस्त्यावर आणायचे. भगदाड पडतं ते बहुतेक वेळा या परत जोडायच्या जागी पडतं. आमच्याकडेही तसंच होतं, दोन मॉड्यूल आपापल्या जागी ठीक चालतात, चूक सापडते ती सांध्यात.

म्हणून माझा प्रश्न रस्ते परत एकत्र का आणले असा नसतो. सांधा कसा जोडला, हा असतो.

समुद्रकाठ

रात्रपाळी यांचा सांधा वाचून आमच्याकडचा दशावतार आठवला. मी सिंधुदुर्गातला, लहानपणापासून जत्रेत रात्र रात्र बसून बघितलेत. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं की यात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान करायचं, कोण कुठलं काम करणार आणि प्रवेश कुठल्या क्रमाने हे आधी ठरतं, संवाद रंगमंचावर जागच्या जागी. एखादा राक्षस करणारा नट रंगात आला तर तो देवाला असे प्रश्न विचारतो की समोरच्याची परीक्षाच असते. पण शेवट ठरलेला, पहाटेपर्यंत राक्षस मरणारच, हे पहिल्या रांगेतल्या पोरालासुद्धा माहीत.

तरी कोणी म्हणत नाही की आमची फसवणूक झाली. का? कारण राक्षस जे बोलला त्याला उत्तर मिळालेलं असतं. चांगला नट समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू देत नाही, मध्यरात्री एकाने काही बोललेलं असेल तर पहाटे मरताना तो धागा उचलला जातो. आणि कच्चा नट असेल तर समोरच्याने काय म्हटलं ते न ऐकता आपलं पाठ भाषण सुरू करतो, मग जाणकार म्हातारे तिथेच मान हलवतात. गेममध्ये लेलियाना बघून तसंच वाटलं असेल तुम्हाला. शेवट एकच असला तर चालेल हो, पण मी टाकलेला शब्द उचला.

निळीशाई

समुद्रकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. "टाकलेला शब्द उचला", मला तीन आठवडे हेच म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं.

सह्यकडा

मग ओर्सिनो काय म्हणायचा? ड्रॅगन एज २ (२०११). सगळा गेम जादूगार विरुद्ध टेम्प्लर, म्हणजे त्यांच्यावर पहारा ठेवणारे योद्धे. शेवटी बाजू निवडायची. मी जादूगारांची घेतली, ओर्सिनो त्यांचा प्रमुख, आम्ही जिंकत होतो, दरवाजात टेम्प्लर पडत होते, आणि हा माणूस अचानक हताश होतो आणि प्रेतं एकत्र करून स्वतःचा राक्षस करून घेतो आणि माझ्यावरच येतो. ज्याच्यासाठी मी लढतोय तोच! ज्या रक्तजादूचा आरोप टेम्प्लर करत होते तीच तो करतो. आणि टेम्प्लरची बाजू घेतली तरी ओर्सिनोला मारावं लागतं आणि टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथलाही. म्हणजे दोन्ही रस्त्यांवर तेच दोन बॉस.

मला त्या गेममधलं कर्कवॉल शहर, आपलं पात्र हॉक, त्याचं घराणं, त्याच्या आईचं प्रकरण, हे सगळं खूप जवळचं आहे, म्हणूनच जास्त लागतं. त्या शेवटामुळे दहा वर्षांच्या कथेतला माझा एकुलता एक मोठा निर्णय पुसला गेला.

चांदणवेल

मी गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, अकरावीत आहे. तो परवा जेवताना गप्प होता, विचारलं तर म्हणाला बॅरनने फास घेतला आई, माझ्यामुळे. मी घाबरलेच, मग कळलं गेम आहे. हा धागा वाचून आता थोडं समजतंय. एक विचारू का, यात बरोबर उत्तर असतं का? म्हणजे त्याने वेगळं केलं असतं तर तो माणूस वाचला असता?

तिसरा_मजला

चांदणवेल ताई, तो विचर ३ (२०१५) खेळतोय. आणि त्याला जे वाटलं ते वाटणं हेच त्या गेमचं यश आहे, काळजी करू नका.

एका टेकडीखाली झाडात कैद असलेली एक शक्ती असते. तिला सोडलं तर अनाथ मुलं वाचतात, पण ती शेजारचं गाव मारून टाकते, बॅरनची बायको शाप लागून मरते आणि बॅरन गळफास घेतो. तिला मारलं तर बायको जगते पण भ्रमिष्ट होऊन, बॅरन तिला घेऊन उपचाराला निघून जातो, आणि मुलं परत दिसत नाहीत. आता सांगा बरोबर उत्तर कुठलं. मुलाला सांगा त्याने मुलं वाचवली.

आणि धाग्याच्या विषयाला धरून, ही कामगिरी मला इतकी आवडते कारण तिथला सांधा दिसत नाही. काही लोक फिरता फिरता त्या झाडापाशी आधीच पोचतात, कोणी पाठवलेलं नसताना, आणि तिला सोडून मोकळे होतात. गेमला ते माहीत असतं, पुढचे संवाद त्याप्रमाणे बदलतात. कोणीतरी बसून विचार केलाय की खेळणारा उलट्या बाजूने आला तर काय.

त्याच गेमची सुरुवात आठवा. मागच्या भागात काय केलं हे विचारायला त्यांनी कोरडी प्रश्नावली दिली नाही. सम्राटाला भेटण्याआधी गेराल्टची, म्हणजे आपल्या नायकाची, दाढी करतात आणि तेव्हा त्याच निल्फगार्ड साम्राज्याचा सेनापती बाजूला बसून चौकशी करतो, अमुक माणसाला तू मारलंस की सोडलंस. गळ्याशी वस्तरा आणि समोर प्रश्न. काय सुंदर सुचलंय.

पण याच लोकांनी डायक्स्ट्राचं वाटोळं केलं हे मी विसरणार नाही. संपूर्ण गेममधला सगळ्यात हुशार माणूस, हेरगिरीत आयुष्य गेलेलं, पाय अधू, आणि तो रोश आणि व्हेसला मारायचा बेत गेराल्टला तोंडावर सांगतो, चार माणसं सोबत घेऊन, आणि म्हणतो तू बाजूला हो. गेराल्टची त्या दोघांशी मैत्री आहे हे त्याला माहीत नाही? इथे गेम माझं काही विसरलेला नाही, तो स्वतःचंच पात्र विसरलाय. ही तिसरी जात धरा निळीशाई, माझ्या मते हीच सगळ्यात वाईट. आणि विचर २ मध्ये ज्या बंडखोर इओर्व्हेथची बाजू घेतली की अख्खा दुसरा अंक वेगळ्या शहरात घडतो, तो तिसऱ्या भागात दिसतसुद्धा नाही.

चांदणवेल

त्याला सांगितलं. म्हणाला हो, मुलं वाचली. जेवला नीट. आभार तुमचे.

पिंपळपान

रात्रपाळी, व्हॉल्ट ८७ चं मी विसरले होते, खरंच. फॉक्सला दाराशी थांबवायचं म्हणता ते पटलं. बापाचं मी सोडणार नाही 🙂

मग चांगला सांधा कुणाचा यावरही बोलूया ना, नुसती नावं ठेवण्यापेक्षा. माझं मत न्यू वेगस (२०१०). त्यात जवळजवळ कोणालाही मारता येतं, सगळ्या पक्षांच्या नेत्यांनासुद्धा. मग कथा पुढे जाणार कशी? त्यासाठी येस मॅन आहे. हसऱ्या चेहऱ्याचा रोबो, कोणालाही नाही म्हणता न येणारा, आणि त्याला उडवलं तर तो दुसऱ्या रोबोत शिरून परत येतो. लेखकांची गरज होती की एकतरी माणूस मरू नये, आणि ती गरज त्यांनी पात्राचा स्वभाव करून टाकली.

समुद्रकाठ

डिस्को इलिझियम (२०१९) मध्ये आपला जोडीदार पोलीस किम, त्याला गोळी लागली आणि तो दवाखान्यात गेला तर शेवटी सोबत कूनो येऊ शकतो, तो रस्त्यावरचा शिवराळ पोरगा. फासा हरलो म्हणून तसं झालं, पण मी ते लोड करून बदललं नाही. त्या पोराला घेऊन गेलो आणि ते तपासाचं काम मला जास्त खरं वाटलं.

आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३): प्रेताशी बोलायची विद्या आहे, पण ज्याला आपणच मारलंय ते प्रेत आपल्याशी बोलत नाही. वेश बदलून गेलं तर बोलतं. छोटीशीच गोष्ट आहे, पण टाकलेला शब्द उचलला की नाही!

रात्रपाळी

माझ्यासाठी सगळ्यात मोठा सांधा अजूनही मास इफेक्ट ३ (२०१२) मधला तुचांका, क्रोगनांचा ग्रह. त्याच गेमच्या शेवटाला लोकांनी लाल-हिरवा-निळा, म्हणजे तीन पर्यायांत फक्त रंगाचा फरक, म्हणून झोडपलं, आणि त्यात तथ्य होतं, एक वर्ष आधीच्या अरायव्हल या जोडभागात यांनीच दाखवलं होतं की रिले (एका सूर्यमालेतून दुसरीत जायचं यंत्र) फुटला की अख्खी सूर्यमाला जाते, तीन लाख बटारियन मेले त्यात, आणि शेवटी सगळेच रिले फुटतात तेव्हा त्याबद्दल शब्द नाही. जूनमध्ये एक्स्टेंडेड कट हा वाढवलेला शेवट फुकट दिला त्यात ते थोडं निस्तरलं.

पण तुचांका बघा. क्रोगन जातीवर वंध्यत्वाचा रोग लादलेला, मॉर्डिन हा शास्त्रज्ञ त्यावर उपाय घेऊन मनोऱ्यावर चढतो आणि तिथे मरतो, गुणगुणत. बहुतेकांनी तेवढंच पाहिलंय. पण पहिल्या भागात आपला क्रोगन साथीदार रेक्स मेला असेल, नेता त्याचा भाऊ रीव्ह असेल, आणि दुसऱ्या भागात मॉर्डिनचा शिष्य मेलॉन याची त्या रोगावरच्या संशोधनाची माहिती नष्ट केली असेल तर ईव्ह ही समंजस क्रोगन स्त्री मरते. म्हणजे क्रोगनांना आवर घालणारं कोणीच उरत नाही. तेव्हा आणि तेव्हाच मॉर्डिनला पटवता येतं की उपाय नको देऊस, आणि तो जगतो. रेक्स जिवंत असताना तुम्ही खोटा उपाय पसरवून दगा दिलात तर त्याला नंतर कळतं आणि तो जाब विचारायला येतो. रीव्हला कधीच कळत नाही. तीन गेम, पाच वर्षं, आणि तीन खुणा एका माणसाच्या जिवाशी जोडल्या. हे करता येतं हे ज्यांनी सिद्ध केलं त्यांच्याकडूनच मला ओर्सिनो चालत नाही (ड्रॅगन एज आणि मास इफेक्ट एकाच कंपनीचे, बायोवेअरचे).

निळीशाई

हे मला माहीत नव्हतं!! मी कायम रेक्सला वाचवलंय, मॉर्डिन जगू शकतो हेच ठाऊक नव्हतं. लेजंडरी एडिशन, तिन्ही भाग एकत्र, आहे माझ्याकडे. पहिल्यापासून सुरू करते.

निळीशाई

दीड महिन्याने धागा वर काढतेय, क्षमस्व.

केलं. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर रेक्सशी बोलताना मला समजावायचे पर्याय दिसत होते, मी ते घेतले नाहीत. ॲश्ली या माझ्याच साथीदाराने त्याला मागून गोळी घातली. मी उठून पाणी प्यायले आणि मग पुढे गेले. मेलॉनची माहिती नष्ट केली. तिसऱ्या भागात ईव्ह गेली, आणि रीव्ह आत्तापासूनच बोलत होता की कुठल्या जगांवर सूड घ्यायचा.

मनोऱ्याखाली मॉर्डिनशी बोलणं फार वेळ चाललं. तो चिडतो, वाद घालतो, मग हळूहळू त्याला पटतं, आणि पटलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तो वर गेलाच नाही. दुसरीकडे वळून चालायला लागला, आपण मेलो असं लोकांना वाटू दे म्हणाला, आणि निघून गेला. वरून खोटा उपाय पसरला, खाली रीव्ह आनंदाने ओरडत होता, आणि इतकी वर्षं त्या जागी मी जे गुणगुणणं ऐकत आले ते या वेळी ऐकू आलं नाही.

रात्रपाळी, तुम्ही तो दगा देऊन बघितलाय का कधी, रेक्स जिवंत असताना? मला ती सेव्ह सुरू करायचा धीर होत नाहीये.